सक्ती, सेवा आणि वेठ

भिलाईत चार मराठी माणसे जमली आणि तरुण पोरांचा विषय निघाला, की एक वाक्य हमखास कानी पडते: 'सगळ्यांना दोन वर्षं मिलिटरी सक्तीची करायला पाहिजे.' गणपतीचा मांडव असो की सेक्टरमधल्या क्वार्टरचा ओटा, बोलणारा बहुधा कारखान्यातून निवृत्त झालेला असतो. पाठोपाठ इस्रायलचे नाव येते, सिंगापूरचे येते. माना डोलतात. या मागणीमागची कळकळ खरी असते, तिची टवाळी करण्याचे कारण नाही. १९५५च्या करारातून सोव्हिएत मदतीने उभ्या राहिलेल्या या पोलाद कारखान्यात ज्यांनी हयात घालवली, ते स्वतःच्या नोकरीलाही देशसेवाच मानत आले आहेत. 'विक्रांत' या विमानवाहू नौकेसाठी जे खास पोलाद लागले, ते 'सेल'च्या ज्या कारखान्यांनी पुरवले त्यांत भिलाई होती. त्या माणसांना वाटते, आपण दिले, मग नातवंडांनी दोन वर्षे का देऊ नयेत?

मला या चर्चेत खटकते ते वेगळेच. भिलाईहून निघाले की तीन-चार तासांत बस्तर संभाग लागतो. तिथे गेल्या वीस वर्षांत अठरा-वीस वर्षांच्या, काही वेळा त्याहूनही लहान, मुलामुलींच्या हाती बंदुका आल्या. त्यातल्या कितीजणांनी त्या राजीखुशीने घेतल्या, हा या भागातला सर्वांत अवघड प्रश्न आहे. पण सक्तीच्या लष्करी सेवेवर बोलताना बस्तरचे नाव कोणी काढत नाही, कारण तिथे जे घडले त्याला 'सक्ती' म्हटलेच गेले नाही. त्याची नावे निराळी होती: अभियान, मानदेय, नियुक्ती, संघम, मिलिशिया. म्हणून या प्रश्नाचा आढावा घेताना शब्दांकडे पाहणे टाळता येत नाही. आणि शब्दांच्या पलीकडे जायला एक साधी कसोटी पुरते: 'नाही' म्हणणाऱ्याचे काय होते? नकाराची किंमत किती, आणि ती कोण वसूल करतो?

आधी कायदा पाहू. भारतात सार्वत्रिक सक्तीच्या लष्करी सेवेचा कायदा नाही. दहा लाखांहून मोठी असलेली आपली फौज स्वेच्छेने भरती झालेल्यांची आहे. पण घटनेने हे दार बंद केलेले नाही. २३व्या कलमाचा पहिला भाग माणसांचा व्यापार, वेठबिगार आणि तशा प्रकारची सक्तीची मजुरी यांवर बंदी घालतो. लगेच दुसरा भाग सांगतो की सार्वजनिक प्रयोजनासाठी राज्याला सक्तीची सेवा लादता येईल. मात्र तसे करताना केवळ धर्म, वंश, जात किंवा वर्ग यांवरून भेदभाव करता येणार नाही. एकाच कलमात वेठ गुन्हा ठरते आणि सक्तीची सेवा वैध ठरते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९३०च्या वेठबिगारविरोधी करारातही हीच वाट ठेवली आहे: सक्तीच्या लष्करी सेवेतले निव्वळ लष्करी स्वरूपाचे काम त्या करारातून वगळलेले आहे. भारताने तो करार १९५४ मध्ये मान्य केला.

मराठीत 'सक्ती' हा शब्द मुळात वाईट नाही. सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापुरात केले. 'मोफत आणि सक्तीचे' ही जोडी आपण अभिमानाने उच्चारतो. तोच शब्द 'सक्तमजुरी'त शिरला की शिक्षा होतो. 'वेठ' मात्र कायमच जाचाची. 'वेठीस धरणे' हे आपण आजही अन्याय सांगायलाच वापरतो. 'लष्कराच्या भाकऱ्या भाजणे' हा वाक्प्रचार तर फौज आणि गाव यांचे जुने नाते एका ओळीत सांगून जातो: काम आपले, पीठ आपले, सरपण आपले, जेवणारे दुसरेच. छत्तीसगडात राहणाऱ्या मराठी माणसाने इथे हेही लक्षात ठेवावे की या मुलखाला आपली पहिली मोठी ओळख झाली ती फौज म्हणूनच. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत बंगालच्या स्वारीवर जाताना रतनपूरवर चालून आले, आणि पुढे बिंबाजी भोसल्यांचा अंमल तिथे बसला. भाकऱ्या कोणी भाजल्या असतील, हे वेगळे सांगायला नको.

ब्रिटिश अमदानीतला सक्तीचा इतिहास आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. १८६१च्या पोलीस कायद्याच्या १७व्या कलमाने दंगाधोप्याच्या वेळी परिसरातल्या रहिवाशांना 'विशेष पोलीस अधिकारी' म्हणून नेमण्याची तरतूद केली. १९व्या कलमाने सबळ कारणाशिवाय नकार देणाऱ्याला पन्नास रुपयांपर्यंत दंड ठेवला. नकाराची किंमत छापील होती आणि ती दंडाधिकाऱ्यापुढे ठरायची. स्वातंत्र्यानंतर या तरतुदीला आव्हान दिले गेले. दुलाल सामंत विरुद्ध हावड्याचे जिल्हा दंडाधिकारी या प्रकरणात कलकत्ता उच्च न्यायालयाने १९५८ मध्ये ही सेवा २३व्या कलमातल्या वेठबिगारीत मोडत नाही असे ठरवले. हा निकाल लक्षात ठेवावा. 'विशेष पोलीस अधिकारी' हे पद पन्नास वर्षांनी बस्तरमध्ये पुन्हा भेटणार आहे.

खास लष्करी सक्तीचा कायदा आला पहिल्या महायुद्धात. १९१७च्या इंडियन डिफेन्स फोर्स कायद्याने हिंदुस्थानात राहणाऱ्या युरोपीय ब्रिटिश प्रजाजनांवर सेवा सक्तीची केली; हिंदी लोकांसाठी ती ऐच्छिक होती. म्हणजे कागदावर सक्ती गोऱ्यांवर आणि स्वेच्छा काळ्यांची. प्रत्यक्षात पंजाबात मायकेल ओडवायरच्या कारभारात जिल्ह्यांना, गावांना, लंबरदारांना भरतीचे आकडे वाटून दिले गेले आणि माणसे जमवताना काय काय झाले ते काँग्रेसच्या पंजाब चौकशी समितीने १९२० मध्ये नोंदवले. गांधीजींबरोबर त्या समितीत मुकुंदराव जयकर होते. कायद्यात नसलेली सक्ती गावपातळीवर कशी येते, याचे हे आपल्याकडचे सर्वांत जुने सविस्तर दप्तर म्हणायला हरकत नाही. पुढचे बस्तर वाचायला ते उपयोगी पडते.

त्याच सुमारास टिळक आणि गांधी यांच्यात भरतीवरून जे झाले ते मराठी वाचकाला ठाऊक असते, पण अर्धवट. १९१८ मध्ये गांधीजी खेडा जिल्ह्यात रंगरूट मिळवायला गावोगाव हिंडत होते. टिळकांचा लष्करी नोकरीला विरोध नव्हता, त्यांची अट होती. हिंदी माणसाला सेनेत अधिकारपद मिळणार असेल तर महाराष्ट्रातून पाच हजार माणसे देतो, अशी त्यांची तयारी होती आणि हमी म्हणून त्यांनी गांधीजींकडे पन्नास हजारांचा धनादेश पाठवला होता. गांधीजींनी तो परत केला. जून १९१८च्या मुंबईच्या युद्धपरिषदेत लॉर्ड विलिंग्डनने टिळकांना बोलताना अडवले आणि ते सभा सोडून निघून गेले. टिळकांच्या अटीतले मर्म मला आजही महत्त्वाचे वाटते. शिपाई म्हणून हवा असलेला माणूस तुम्हाला नागरिक म्हणूनही हवा आहे का, हे त्यांनी विचारले होते. महार समाजाच्या वाट्याला तर उलटाच अनुभव आला. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळापासून लढलेल्या महारांना १८९०च्या दशकात भरती बंद झाली आणि त्यांना ती उघडून घेण्यासाठी अर्ज करावे लागले. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा पलटण उभी राहिली, गरज संपल्यावर १९२१ मध्ये मोडली, आणि १९४१ मध्ये बेळगावात महार रेजिमेंट पुन्हा उभारली गेली. ज्यांना नोकरीच नाकारली जाते त्यांच्या दृष्टीने सक्तीची चर्चा ही सुखवस्तूंची चर्चा असते.

स्वतंत्र भारताने सक्तीला हात लावला, पण अर्ध्या मनाने. १९४८च्या टेरिटोरियल आर्मी कायद्यात पुढे झालेल्या दुरुस्तीने सरकारी आणि सार्वजनिक उपयोगाच्या सेवांतील ठरावीक वयाच्या पुरुषांवर गरज पडल्यास या सेनेत काम करण्याची जबाबदारी टाकता येते. किती सरकारी नोकरांना हे माहीत असेल? १९७२च्या नॅशनल सर्व्हिस कायद्याने तीस वर्षांखालील डॉक्टर-इंजिनिअरांना जास्तीत जास्त चार वर्षे राष्ट्रीय सेवेला बोलावण्याचा अधिकार सरकारला दिला. खरी सक्ती झाली ती एनसीसीची. १९६२च्या चीन युद्धातल्या पराभवानंतर १९६३ मध्ये महाविद्यालयीन मुलांना ती सक्तीची केली आणि १९६८ मध्ये पुन्हा ऐच्छिक केली. संख्या एवढी फुगली की प्रशिक्षणाचा दर्जा सांभाळता येईना. १९६९ मध्ये एनएसएस सुरू झाली, म्हणजे कवायतीऐवजी श्रमदान हाही मार्ग खुला झाला. २०१८ मध्ये संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीने राजपत्रित सरकारी नोकऱ्यांत थेट जाऊ इच्छिणाऱ्यांना पाच वर्षांची लष्करी सेवा सक्तीची करावी अशी शिफारस केली. सेनेतल्या अधिकाऱ्यांचा तुटवडा भरून काढणे हा हेतू होता. ती शिफारस कागदावर राहिली.

गणपतीच्या मांडवातल्या मागणीचे साधे गणित करून पाहू. देशात दरवर्षी एक कोटीहून अधिक मुलगे अठराव्या वर्षात पाऊल टाकतात. मुलींना तूर्त बाजूला ठेवू. अग्निपथ योजनेच्या पहिल्या वर्षी तिन्ही दलांत मिळून जागा होत्या ४६,०००. शंभर मुलांमागे अर्धी जागासुद्धा नाही. सगळ्यांना घ्यायचे म्हटले तर बराकी, शिक्षक, बंदुका आणि पैसा आणायचा कुठून? आणि सगळ्यांना घेणे शक्य नसेल तर निवड करावी लागणार. मग प्रश्न उरतो तो निवडणाऱ्याच्या हाताचा: कोणाच्या मुलाला वैद्यकीय दाखला मिळेल, कोणाचे शिक्षण 'चालू' दाखवले जाईल, कोण परदेशी गेलेला असेल, आणि शेवटी बोलावणे कोणाच्या दारी जाईल? अमेरिकेने व्हिएतनामच्या काळात हा अनुभव घेतला आणि १९७३ मध्ये सक्तीची भरती थांबवली. मला तर वाटते, आपल्याकडे या मागणीत बहुतेकांना हवी असते ती शिस्त. मुलगा पहाटे उठावा, उलट बोलू नये, मोबाइल खाली ठेवावा. २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या शिक्षणमंत्र्यांनी पहिलीपासून माजी सैनिकांकडून प्राथमिक सैनिकी प्रशिक्षण देण्याची घोषणा केली, तेव्हाही भर शिस्त आणि देशप्रेम यांवरच होता. शिस्त मोलाची आहेच, पण ती लावण्याचे काम घर आणि शाळा यांचे. सेनेचे काम वेगळे आहे आणि त्या कामात माणसे मरतात. हे दोन विषय एकमेकांत मिसळले की मरणाचा मुद्दा चर्चेतून अलगद निसटतो.

इस्रायल आणि सिंगापूर यांची नावे घेताना तिथली मराठी माणसे तरी आपण आठवावीत. रायगडच्या किनाऱ्यावरचे, अलिबाग-रेवदंड्याकडचे बेने इस्रायली हे या प्रश्नाचे फार बोलके उदाहरण आहे. कंपनीच्या बॉम्बे आर्मीत त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या नोकरी केली, देशी अधिकाऱ्यांत त्यांचे प्रमाण लोकसंख्येच्या मानाने पुष्कळ होते. ती नोकरी स्वेच्छेची, पोटाची आणि मानाचीही. १९४८ नंतर हेच लोक हजारोंनी इस्रायलला गेले, दिमोना, लोद, अश्दोद अशा गावी वसले, आणि त्यांची मुले-मुली १९४९च्या कायद्याने सक्तीच्या सेवेत दाखल झाली. घरात मराठी बोलणाऱ्या आजीच्या नातीने लष्करी गणवेश घालणे तिथे नेहमीचे झाले. पण तिथलीही सक्ती सगळ्यांवर नाही. बहुसंख्य अरब नागरिकांना बोलावले जात नाही. कडव्या धार्मिक ज्यूंच्या पाठशाळांतल्या तरुणांना दशकानुदशके सूट होती. जून २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना भरती करण्याचा आदेश दिला आणि समाज अक्षरशः दुभंगला. ज्या देशाकडे आपण आदर्श म्हणून बोट दाखवतो, तिथेही वाद 'कोणी द्यायचे आणि कोणी नाही' हाच आहे.

सिंगापुरात गोष्ट अधिक हिशेबी आहे. तिथे १९६७ पासून 'नॅशनल सर्व्हिस' आहे, आणि कायमचे रहिवासी झालेल्या परदेशी कुटुंबांच्या मुलांवरही ती बंधनकारक आहे. नोकरीसाठी गेलेल्या मराठी आईवडिलांना म्हणून मुलगा लहान असतानाच ठरवावे लागते: इथलेच व्हायचे की नाही. साडेसोळाव्या वर्षानंतर नोंदणी, अठराव्या वर्षी दाखल, सुमारे दोन वर्षे पूर्ण वेळ, पुढे राखीव म्हणून वर्षानुवर्षे बोलावणी. टाळल्यास दहा हजार सिंगापुरी डॉलरपर्यंत दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. किंमत जबर आहे, पण ती आधी जाहीर केलेली आहे आणि मंत्र्याच्या मुलालाही तीच लागू आहे. दक्षिण कोरियात २०१८ मध्ये घटनात्मक न्यायालयाने पर्यायी सेवेची सोय करायला सांगेपर्यंत, धर्मश्रद्धेमुळे बंदूक हाती न घेणारे तरुण तुरुंगात जात होते. आता त्यांना तुरुंगातच, पण कर्मचारी म्हणून, तीन वर्षे काम करता येते. आपल्या मांडवातल्या चर्चेत अशा सोयीचा विचारसुद्धा नसतो. अहिंसेचे नाव जगाला सांगणाऱ्या देशात, विवेकाने नकार देणाऱ्याला उद्या काय म्हणणार, पळपुटा?

हे सारे बाजूला ठेवून आता बस्तरकडे येऊ.

जून २००५ मध्ये बीजापूर भागात 'सलवा जुडूम' सुरू झाले. सरकारी कागदांत ते 'जनजागरण अभियान' किंवा 'शांती अभियान' होते. गोंडीत त्या शब्दांचा रोख गावाने मिळून करायच्या शिकारीकडे आहे. काँग्रेसचे महेंद्र कर्मा त्याचे पुढारी होते आणि राज्यात सरकार भाजपचे होते, त्यामुळे विरोध करायला विधानसभेत कोणी फारसे उरले नाही. अभियान गावोगाव गेले, सभा झाल्या, सभेला न येणारे गाव माओवाद्यांचे समजले जाऊ लागले. गावे उठवून लोक रस्त्याकडेच्या 'राहत शिविरां'त आणले गेले. त्या शिबिरांतून आणि आसपासच्या गावांतून तरुण निवडून 'विशेष पोलीस अधिकारी' नेमले गेले. बस्तरमध्ये त्यांना सगळे 'एसपीओ' म्हणतात. १८६१चे पद, नवा गणवेश, नवी बंदूक. आधार होता तोच जुना कायदा आणि पुढे छत्तीसगडचा २००७चा पोलीस कायदा.

नंदिनी सुंदर, रामचंद्र गुहा आणि ई. ए. एस. सरमा यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. तिचा निकाल ५ जुलै २०११ रोजी न्या. सुदर्शन रेड्डी आणि न्या. निज्जर यांनी दिला. तो वाचताना आकड्यांवर थांबावे लागते. एसपीओंची संख्या तोवर ६,५०० झाली होती. महिना मानधन ३,००० रुपये. शिक्षणाची अपेक्षा पाचवी पास. प्रशिक्षण दोन महिन्यांचे, त्यातच कायदा, मानवी हक्क, फौजदारी प्रक्रिया आणि शस्त्रे. त्यांच्यातले १७३ जण कामावर असताना मारले गेले असल्याचे राज्याने स्वतः न्यायालयाला सांगितले होते. नोकरी तात्पुरती, काढून टाकणे सोपे. राज्याचा बचाव असा, की ही मुले स्वेच्छेने आली; काहींच्या घरच्यांना माओवाद्यांनी मारले होते, त्यांना लढायचे होते. न्यायालयाने हे मानले नाही. जी परिस्थिती माणसाला माणूस म्हणून उभे राहू देत नाही, तिच्यातून आलेल्या होकाराला स्वेच्छा म्हणता येत नाही, असा त्या विवेचनाचा रोख आहे. अर्धवट शिकलेल्या मुलांना एवढ्या अल्प तयारीने बंदुका देऊन बंडखोरांसमोर उभे करणे हे घटनेच्या १४व्या आणि २१व्या कलमांचा भंग ठरवून न्यायालयाने एसपीओंचा असा वापर थांबवायला सांगितले.

या निकालाच्या पाठीशी १९८२चा आणखी एक निकाल उभा आहे, तो बहुतेकांना एशियाडच्या बांधकाम मजुरांमुळे आठवतो. त्यात न्या. भगवतींनी २३व्या कलमातल्या सक्तीचा अर्थ मोकळा केला. मानेवर सुरी ठेवणे ही सक्ती तर आहेच, पण भुकेपोटी दुसरा मार्ग न उरणे हीसुद्धा सक्ती असू शकते, असे तिथे मांडले गेले. तो निकाल किमान वेतनाचा होता, बंदुकीचा नव्हता. तरी बस्तरच्या संदर्भात तो बाजूला ठेवता येत नाही. जळालेले घर, सुटलेली शेती, शिबिरातली रांग आणि समोर महिना तीन हजारांची नोकरी. या चार गोष्टींमध्ये उभा असलेला मुलगा 'हो' म्हणतो, तेव्हा त्या 'हो'चे वजन किती धरायचे?

आणि हे सांगताना दुसरी बाजू दडपली तर तो खोटेपणा होईल. ज्यांना गावकरी दबक्या आवाजात 'दादा लोग' किंवा 'अंदरवाले' म्हणतात, त्या माओवाद्यांनीही मुले घेतली. सहा ते बारा वर्षांच्या मुलांचे 'बाल संघम', मग मोठ्यांचा संघम, गावची मिलिशिया, आणि शेवटी दलम, म्हणजे जंगलातली सशस्त्र तुकडी. ह्यूमन राइट्स वॉचने सप्टेंबर २००८ मध्ये दोन्ही बाजूंची नोंद केली: माओवाद्यांनी मुलांना सशस्त्र कामात ओढल्याची आणि पोलिसांनी अठरा वर्षांखालील मुलांना एसपीओ केल्याची. घरटी एक पोर द्यावे असा दबाव आल्याच्या कहाण्या बस्तर आणि गडचिरोली दोन्हीकडे ऐकायला मिळतात. क्रांतीच्या भाषेत ती 'जनतेची सेना' होती. पण ज्या आईने मुलगी द्यायला नकार दिला, तिच्याकडून किंमत कोणी वसूल केली? तिथे पन्नास रुपयांचा दंड नव्हता आणि दंडाधिकारी तर नव्हताच. नोव्हेंबर २००५ मध्ये, जुडूम सुरू होऊन सहा महिने होत असताना, भारताने मुलांच्या सशस्त्र संघर्षातील सहभागाविरुद्धचा संयुक्त राष्ट्रांचा पूरक करार मान्य केला. त्याच वर्षी त्याच देशात हे चालू होते. एका बाजूने गेलात तर दुसऱ्याचा शत्रू, कुठेच गेला नाहीत तर दोघांचा. सिंगापूरची सक्ती निदान एकाच सरकारची असते. बस्तरमध्ये दोन सत्ता एकाच गावाकडे माणसे मागत होत्या आणि तिसरी वाट कोणी मोकळी ठेवली नव्हती. १९१०च्या भूमकालाच्या उठावात, गुंडाधूरच्या मागे बस्तर उभे राहिले, त्या असंतोषाच्या कारणांत जंगलांवरची बंदी होती आणि बेगारही होती. शंभर वर्षांनी बेगार बंदुकीची झाली.

निकालानंतर जे झाले त्याकडे भिलाईत फार कमी लोकांचे लक्ष गेले. राज्याने २०११ मध्येच सहायक सशस्त्र पोलीस दलाचा कायदा केला आणि एसपीओंना त्यात सामावून घेतले. हा न्यायालयाचा अवमान आहे, ही तक्रार सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये फेटाळली. कायदा करणे हा विधिमंडळाचा अधिकार आहे, असे सांगून. पुढे डिस्ट्रिक्ट रिझर्व्ह गार्ड, म्हणजे डीआरजी, वाढले, त्यात स्थानिक आदिवासी तरुण आणि शरण आलेले माओवादी आहेत. मग 'बस्तर फायटर्स' आले. पगार सुधारला, प्रशिक्षण सुधारले, हे मान्य करायला हवे; २००६चा एसपीओ आणि आजचा डीआरजी जवान यांत मोठा फरक आहे. गडचिरोलीत १९९० मध्ये उभ्या राहिलेल्या 'सी-६०'चा धडा त्यामागे आहे: जंगल, भाषा आणि माणसे ओळखणारा स्थानिक जवान बाहेरच्या तुकडीपेक्षा सरस ठरतो. मे २०२५ मध्ये अबूझमाडमध्ये माओवाद्यांचा प्रमुख बसवराजू याला गाठले ते डीआरजीने. पण त्याच वर्षी ६ जानेवारीला बीजापूर जिल्ह्यात सुरुंगाच्या स्फोटात डीआरजी आणि बस्तर फायटर्स यांचे मिळून आठ जवान आणि गाडीचा चालक गेले. त्या आठांतले पाच पूर्वी माओवादी होते. म्हणजे आधी एका सेनेत, मग दुसऱ्या. पहिली त्यांनी निवडली होती का? दुसरी?

अग्निपथला यात कुठे बसवायचे? जून २०२२ मध्ये योजना आली तेव्हा काहींनी तिला मागच्या दाराची सक्ती म्हटले. मला ते पटत नाही. साडेसतरा वर्षांपुढचा तरुण अर्ज करतो, धावतो, निवडला जातो. चार वर्षांनी पंचवीस टक्के राहतात, बाकीचे सुमारे पावणेबारा लाखांचा सेवानिधी घेऊन परततात, पेन्शन नाही. ही नोकरीची कडक अट आहे. तिच्यावर टीका करावी, पण तिला सक्ती म्हणू नये. शब्द असा सैल वापरला की जिथे खरेच नकार देता आला नाही तिथे वापरायला तो उरत नाही. सातारा जिल्ह्यातले मिलिटरी अपशिंगे पिढ्यान्‌पिढ्या पलटणीत जाते, तिथल्या पोराने अग्निवीर होणे आणि बीजापूरकडच्या कुत्रूच्या शिबिरातल्या पोराने एसपीओ होणे यांत जे अंतर आहे, ते भाषेत दिसले पाहिजे.

पुढे बस्तरमध्ये शरणागतीची लाट आली. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा वरिष्ठ नेता भूपती याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली, पाठोपाठ जगदलपुरात दोनशेहून अधिक जण आले. त्यांच्यात ज्यांना दलममध्ये नेले तेव्हा मूल म्हणावे असे वय होते, असे कित्येक असणार. त्यांच्यापुढे पुनर्वसनाच्या योजना आहेत आणि डीआरजीची बंदूकही आहे. भिलाईत सीमा सुरक्षा दलाचे छत्तीसगडचे मुख्यालय आहे. ज्या राज्याला आंतरराष्ट्रीय सीमा नाही तिथे ते या युद्धासाठीच आले. युद्ध संपत आले म्हणून ते उद्या परतही जाईल. डीआरजीचा जवान मात्र इथलाच, त्याचे गाव इथलेच, त्याचे जुने साथी आणि जुने वैरीही इथलेच. म्हणून मांडवातल्या त्या ज्येष्ठांना माझे सांगणे एवढेच, की सक्तीची लष्करी सेवा असावी की नसावी, हा वाद घालण्याआधी शेजारच्या संभागातल्या तीन गोष्टींची मागणी करू. शरण आलेल्याला शस्त्र देण्यापूर्वी त्याचा लेखी होकार, त्याला कळणाऱ्या भाषेत, पोलिसांच्या बाहेरच्या कोणासमोर घेतला जावा. वयाची शहानिशा व्हावी. आणि ज्याने बंदूक नको म्हटले, त्याला घर, जमीन, शिक्षण आणि संरक्षण होकार देणाऱ्याइतकेच मिळावे, आणि ते मिळाले की नाही याचा हिशेब दरवर्षी विधानसभेच्या पटलावर ठेवला जावा.